निहारचा शेवटचा मोसम

त्सुकुबा, जपान, नोव्हेंबर १९९८

प्रिय दादा,

भाचा कसा खेळतोय, असं तू विचारलंस. हे पत्र पेटीत टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते.

अमेरिकन फुटबॉलमध्ये निहार रनिंग बॅक; चेंडू पोटाशी धरून समोरच्यांना चुकवत पळायचा. कॉलेजात गाजला, म्हणून एका कंपनीने नोकरी देऊन टीममध्ये घेतलं. दुसऱ्याच मोसमात त्याचा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, "चालता येईल, धावता येणार नाही." मग मंदीत कंपनीने टीमच बंद केली.

परवा मी म्हटलं, "चल, पुण्याला मामाकडे जाऊ."

तो नेहमीसारखा जपानीतच म्हणाला, "तिथे विचारतील, तेव्हा काय सांगू?"

काल आम्ही बाजारातून घरी परतत होतो, थांब्यावर पोहोचेपर्यंत बस सुटत होती. मी धावत जाऊन दार गाठलं, त्याला हाक मारली. तो जागचा हलला नाही.

"तू जा, आई," म्हणाला.

कित्येक महिन्यांनी मराठीत बोलला, आणि तेही मला जा म्हणायला.

तुझी,
नीलू