आईच्या भुवईवरची सुई

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे सांगायची हिंमत आत्ता होतेय. परवा एका वैद्यकीय मासिकात वाचलं, नस बधिर करायला आपण सुईतून देतो ते औषध मेंदूतल्या गाठीवरही काही परिणाम करतं का, याचा शोध चाललाय. पक्कं काहीच नाही. पण वाचलं आणि तुमची ती वही आठवली.

तुम्ही परंड्याच्या दवाखान्यात कंपाउंडर. निझामाच्या अमलात शिकलेले, म्हणून सगळं टिपण उर्दूत. आईच्या डोक्यात गाठ आहे, ऑपरेशन होणार नाही, असं सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. मग तुमच्या डॉक्टरसाहेबांना विचारून तुम्ही तिच्या भुवईवर बधिर करायची सुई द्यायला लागलात, आणि रोजचं वहीत लिहायला लागलात. हैदराबादच्या मेडिकल कॉलेजातून मी सुट्टीत घरी येतो, तर आई चुलीपुढं बसून मला गरम भाकरी वाढतेय! "सुई दिली का दोन दिस उठून बसती बघ," तुम्ही म्हणता. "निस्तं दुखणंच मारतंय का गाठीला बी काई करतंय, मला कळंना. ही वही तुमच्या प्रोफेसरसाहेबांला दाखव. लई शिकलेला माणूस हाय."

हैदराबादला मी ती वही ट्रंकेतून बाहेरसुद्धा काढली नाही. लाज वाटली हो! परंड्याचा कंपाउंडर मेंदूच्या गाठीवर शोध लावतोय म्हटल्यावर पोरं खो खो हसतील, एवढीच भीती. आणि आमचे प्रोफेसर तर दिवसभर उर्दूतच बोलायचे, अर्ध्या तासात वाचून झाली असती. दिवाळीत घरी आलो, तर तुम्ही दारातच, "काय म्हणले साहेब?" मी बूट काढता काढता ठोकून दिलं, "यात काही अर्थ नाही म्हणाले. उगाच बाईंना टोचू नका म्हणाले." ते दुसरं वाक्य कशाला जोडलं मी, मूर्खानं? पहिल्यावर भागलं असतं. तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात आणि त्या दिवसापासून सुई बंद केलीत.

पुढं आई उठली नाही. डोक्याला फडकं आवळून अंधाऱ्या खोलीत पडून असायची, कण्हायची, आणि तुम्ही प्रोफेसरसाहेबांचा शब्द मोडत नव्हतात. शिमग्याच्या आधी ती गेली. तिच्या दहाव्याला तुम्ही मला म्हणालात, "साहेबांनी येळेवर सांगितलं, न्हायतर म्या तिला टोचतच बसलो असतो." तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं. नाही उघडलं.

सुईनं गाठ गेली असती असं मी म्हणत नाही. डॉक्टर आहे, तेवढं कळतं. पण तिचं दुखणं कमी होत होतं, तुम्ही ते डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि माझ्या खोट्यापायी तुम्ही स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? पण एक राहिलं. त्या दिवाळीनंतर परत जाताना प्रोफेसरसाहेबांसाठी म्हणून तुम्ही घरच्या तुपाचा डबा दिला होता. तो मी खाल्ला, अण्णा. खोलीवर, पोरांबरोबर, चार दिवसांत.