एका परातीतलं मलम

प्रिय मंजू,

परवा तुझा फोन झाल्यापासून माझं कशात लक्ष नाही. तू रडली नाहीस, पण रडून झाल्यावर माणूस जसं फार नीट बोलतो, तसं बोललीस. कोडावरच्या तुझ्या औषधात दम नाही म्हणालीस. आपल्या डेअरीतल्या कोड असलेल्या बायांपैकी निम्म्यांना औषधाच्या नळ्या दिल्या, निम्म्यांना नुसत्या मलमाच्या, आणि डाग दोन्हीकडे सारखेच थोडेथोडे भरले. म्हणजे औषधानं वेगळं काही केलंच नाही. सोमवारी तसा अहवाल द्यायचा आणि काम मिटवायचं. हे पत्र त्याआधी तुझ्या हातात पडावं म्हणून पोस्टात न टाकता दुधाच्या टँकरवाल्याकडे देतो आहे. सावकाश वाच. मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो, हे तुला माहीतच आहे.

इकडं पाण्याचं तेच. बिंदुसरेच्या धरणात मधोमध शेळ्या चरतात. जनावरं बरीचशी चारा-छावणीत गेली, त्यामुळे डेअरीत दूध कमी. तरी बाया सकाळी येतात, किटलीच्या तळाला असेल तेवढं घेऊन येतात. तुझी आजी तर लोटाभर दूध अशी नेते, की वाटावं गोदामाईच डेअरीला निघाली आहे. मी मागून शाळेतल्या कविता चालीवर म्हणत चालतो. हल्ली मधल्या ओळी गळतात. तिथं मी नुसतं गुणगुणून निभावतो, आजी मागं न बघता म्हणते, "इसरलात वाटतं."

तिच्या बोटांवर पहिला डाग आला तेव्हा तुझा बाप रांगत होता. मी तेव्हा फार कवी होतो. तिला म्हटलं, चंद्रालाही डाग असतात. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "चंद्राला काळे असतेत. माझे पांढरे हायत. मास्तरानं उलटं शिकवलं का काय तुमाला?" त्यानंतर मी तिच्यावर कविता केली नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतर गावात दूध सोसायटी उभी राहिली आणि मी तिचा सेक्रेटरी झालो, हे तू ऐकून ऐकून कंटाळलीस. पण सुरुवातीच्या दिवसांतली एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. ओळीत आजीची पाळी आली आणि मागून आवाज उठला, कोडाच्या हाताचं दूध आमच्या दुधात नको. मी खुर्चीतून उठेपर्यंत छबुबाई पुढं झाली. आज दात पडलेली, सगळ्यांना टोमणे मारणारी छबुबाई तेव्हा नवी नवरी होती, अंगाची हळदही उतरली नव्हती. तिनं सगळ्यांच्या देखत आपली चरवी आजीच्या किटलीत ओतली आणि ती किटली मोठ्या कॅनमध्ये उपडी केली. म्हणाली, "घ्या. निवडा आता कुणाचं कोन्तं!" कोण काय निवडणार! तेव्हापासून आपल्या डेअरीत रीतच पडली. कॅनमध्ये पहिलं दूध तुझ्या आजीचं, बाकीच्यांचं त्यावर.

तू डेअरीच्या पडवीत सतरंजीवर बसून बायांना सगळं समजावलंस, तेव्हा मी दाराशी उभा होतो. किती छान बोललीस! निम्म्या नळ्यांत औषध आहे, निम्म्यांत नाही, कुणाच्या वाट्याला काय आलं ते मलाही ठाऊक नाही, असं तू उघड सांगितलंस. त्या दिवशी सिदूची मुलगी कावेरी अगदी पुढं बसली होती. पोरगी गुणाची, पण गळ्यावर तो डाग. पाहुणे बघायला येतात, पोहे खातात, निरोप धाडत नाहीत. नळी हातात घेऊन ती तिला उलटीपालटी करून बघत होती, जणू कुठून तरी आतलं दिसेल. मला ते तेव्हा दिसलं होतं. पुढचं मात्र परवा कळलं.

तुझा फोन ठेवून मी आजीला सांगितलं. ती सुपात ज्वारी घेऊन खडे वेचत होती. हात थांबला.

"रडली का पोरगी?"

"नाही."

"मंग लईच लागलंय तिला," म्हणाली, आणि सूप तसंच टाकून छबुबाईकडे गेली. संध्याकाळी दूध घालून झाल्यावर कुणी घरी गेलं नाही. सगळ्या पडवीत बसल्या आणि मला बोलावलं.

मंजू, तू सतरंजीवरून उठून गाडीत बसलीस, त्याच दिवशी हे झालं होतं. कुणीतरी म्हणालं, कावेरीला कोरी नळी आली असली तर? छबुबाई म्हणाली, "डाक्टरीणबाईलाच ठाव न्हाई, मंग नशिबावर कावून सोडायचं?" तिनं घरून परात आणली. सगळ्या नळ्या त्या परातीत पिळल्या, कणकेसारखं सगळं मळून एक केलं आणि कुंकवाच्या रिकाम्या डब्यांत सारखं वाटून घेतलं. पुढं दर खेपेला तेच. रिकाम्या नळ्या तुला परत मिळत होत्या. थेंबसुद्धा वाया न घालवणाऱ्या अशा प्रामाणिक पेशंट शहरात नाहीत म्हणून तू त्यांची पाठ थोपटलीस ना, तेव्हा छबुबाई म्हणे पदरात तोंड घालून बसली होती.

मी त्यांना रागावलो नाही. जे येतं तेच सांगितलं. दुधाची फॅट बघायची तर प्रत्येकीच्या किटलीतून नमुना आधी घ्यावा लागतो. एकदा कॅनमध्ये पडलं, की कुणाची म्हैस चांगली ते देवालाही सांगता येत नाही. मंजूलाही नमुनाच घ्यायचा होता. तुम्ही आधीच कॅन भरलात. मग छबुबाई म्हणाली, "हे आदी कावून न्हाई सांगितलं, सेक्रेटरी?"

"तुम्ही मला विचारलं होतं का?"

"इचारलं असतं तर तुमी कविता म्हनली असती!"

हसल्या सगळ्या. आणि हसता हसता कावेरी रडायला लागली, माझ्यामुळं ताईचं काम बुडालं म्हणून. तिच्या गळ्यावर मंजू, पांढऱ्यात तिळाएवढे काळसर ठिपके उठलेत. तुझ्या औषधात दम आहे, असं मी म्हणत नाही. त्यातलं मला कळत नाही. पण दम नाही, हेही अजून कुणाला कळलेलं नाही. तेवढं सोमवारच्या आत तुला सांगायचं होतं.

बायांनी मलाच लिहायला बसवलं. फोनवर तू रागावशील आणि पत्रावरचा राग वाचेस्तोर निवतो, हे छबुबाईचं शास्त्र. त्यांचं म्हणणं, पुन्हा पहिल्यापासून कर. आपली नळी आपण लावू, कावेरीसुद्धा, असा कॅनवर हात ठेवून शब्द दिलाय. हे त्यांना किती जड जाणार ते मला दिसतं. सकाळी एकाच ओळीत उभं राहायचं आणि आपलं आपल्यापुरतं ठेवायचं. पण खरी अडचण घरातच आहे. आता लिहितोय तर तुझी आजी शेजारी बसून एकच घोकते आहे: "तिला लिहा, मला कोरीच नळी दे. माझी बोटं आता कुनाला दाखवायचीत? मी कोरी घेतली तर एक खरी एखाद्या पोरीला जाईल." तसं मागता येत नाही, चिठ्ठी निघेल ते खरं, हे सांगून मी थकलो. ती म्हणते, आपलीच नात हाय, हळूच करील. मंजू, माझ्यानं हे होणार नाही. तूच ये आणि तिचा हात हातात घेऊन तिला नाही म्हण. सकाळची ये, कॅन भरायच्या आत.

तुझाच,
आबा