साडेसहा हजार किलोमीटर आणि विहीणबाई

३ मार्च

बोललं की फोन लिहून घेतो म्हणे. मला वाचता येत नाही, तेव्हा काय लिहितो ते त्याचं त्याला माहीत.

माझी लेक मारिसेला तिकडे अलास्कात बाळंत व्हायची आहे. बाळाला पाल्याच्या पाण्यानं पहिली आंघोळ कोणी घालायची? मी म्हणते, मुलीच्या आईनं. विहीण एउफ्रासिया म्हणते, मुलाच्या आईनं. मारिसेला कंटाळली — "जी आधी पोचेल ती!"

एउफ्रासिया तिहुआनात, पार अमेरिकेच्या सरहद्दीवर. मी इथं खाली दक्षिणेला, ओआहाकात. तिकीटवाल्या मुलीनं बघून सांगितलं — मला साडेसहा हजार किलोमीटर, तिला जेमतेम चार. लगेच विहिणीचा फोन. "सावकाश या हो. या वयात घाई बरी नव्हे." माझ्याहून मोठी आहे!

४ मार्च

तिकडचं घड्याळ तीन तास मागे. म्हणजे तीन तास फुकट! तिकीटवाली म्हणते, फुकट नाहीत आजी, ते विमानात बसूनच काढायचेत.

६ मार्च

मोले गेला. मिरच्या, तीळ, चॉकलेट वाटून मी त्याचा घट्ट गोळा केला होता, बारशाच्या जेवणासाठी. सगळी गल्ली सांगत होती, मोठ्या बॅगेत टाक. पण ती बॅग नजरेआड जाते! म्हणून मांडीवर घेतला. तपासणीची मुलगी म्हणे, हा पातळ पदार्थ.

"पातळ? मग ओतून दाखव."

तिनं डबा उलटा केला. थेंब पडला नाही. तरी ठेवून घेतला. वर म्हणते, माझ्या आईचाही असाच गेला.

मेक्सिको शहरात विमान बदललं. शेजारच्या खुर्चीत कोण? एउफ्रासिया! स्वस्त तिकीट घेतलं, तर विमानानं तिला आधी उलटं दक्षिणेला आणलं. मला मागे टाकायला निघाली, ती माझ्याच मांडीला मांडी लावून. मी पोट धरून हसले. मग तिनं विचारलं, मोले कुठाय? हसू तिथंच थांबलं. तिचा होता मोठ्या बॅगेत. दुकानातला.

७ मार्च

सिएटलला बर्फ. विमान उद्या.

मुलगा झाला! आम्ही हवेत होतो तेव्हाच. दोघी रडलो, मग पुन्हा फुगून बसलो. आंघोळ राहिलीच आहे.

विमान हललं की एउफ्रासिया माझं मनगट धरायची. म्हणते, तुम्ही घाबरला होता म्हणून. वर लेकाचं कौतुक — "रुफिनोला मी कधी पाण्याचं भांडंसुद्धा उचलू दिलं नाही." जावयाबद्दल माझ्याकडेही बोलण्यासारखं पुष्कळ होतं.

८ मार्च

मारिसेलाच्या घराच्या दारातून आधी शिरायला दोघी एकदम घुसलो, अडकलो. समोर रुफिनो. बाह्या वर, बाळ पालथं हातावर, टबात पाला. मारिसेला पलंगावरून सांगत होती, तो पाणी घालत होता.

मान वर न करता म्हणाला, "दार लावा. वारा लागेल त्याला."

दोघींनी मिळून दार लावलं.