चारशे मिली तब्येत

४ ऑक्टोबर, संध्याकाळी
रिपोर्ट आला. उपाशीपोटी साखर १३८. डॉक्टर म्हणाले की तीन आठवडे गोड बंद, रोज चालणं, मग पुन्हा तपासू. उतरली नाही तर गोळी सुरू. किती दिवस, असं विचारलं. ते नुसते हसले. डॉक्टर हसले की मला धस्स होतं.

हिला सांगितलं, सगळं नॉर्मल. उगाच घाबरते बिचारी.

बाबा गेले तेव्हा त्यांचं वय त्रेपन्न वर्षं, सात महिने, बारा दिवस. त्यांचंही साखरेचंच होतं. येत्या २८ तारखेला मी बरोबर तेवढा होतो. भीती म्हणून नव्हे, सहज मोजून बघितलं. लीप वर्षं धरून चार वेळा.

५ ऑक्टोबर
उपाय सापडला. छोटा ब्लेंडर, एका माणसापुरता. कपात जिन्नस घालायचे, पात्यांचं झाकण घट्ट फिरवायचं, कप उलटा करून मोटरवर दाबायचा आणि त्याच कपातून प्यायचं. चारशे मिली तब्येत, रोज. दुकानदार म्हणाला की याने लोकांचं आयुष्य बदललंय. कसं, ते विचारायचं राहिलं.

संकल्प: एकही खाडा नाही. चालण्याचं नंतर बघू. दोन उपाय एकदम केले तर गुण कशाचा आला ते कळत नाही.

रिपोर्ट ब्लेंडरच्या माहितीपुस्तिकेत घातला, पुस्तिका खोक्यात, खोकं कपाटावर. पुस्तिका वाचलेली नाही. उघडली की आधी रिपोर्ट दिसतो. आणि मी कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. एकोणीस वर्षं लोकांना सूचना वाचायला लावतोय. मला कोण काय शिकवणार?

६ ऑक्टोबर, सकाळी ६.१०
पहिला प्रयोग. बटण दाबलं आणि तीन फूट मागे उडालो. एवढ्याशा यंत्राला एवढा आवाज! ही धावत आली. म्हणालो, मोटर तपासतोय. मग दहा मिनिटं खरंच तपासली, दारातून. प्लग काढून.

९ ऑक्टोबर
तीन दिवस पालक आणि काकडी. घशाखाली उतरेना. पालकाला सोबत म्हणून केळं घातलं. केळ्याला सोबत म्हणून खजूर, पाच. आज पालक काढून टाकला, उगाच चव बिघडवत होता. फक्कड झालं. थोडा मधही घातला. औषधीच असतो.

१४ ऑक्टोबर
कामावरच्या स्टोअरकीपरने कपात डोकावून सांगितलं की साहेब, फळातली साखरही साखरच. रागच आला. फळातली साखर देवाने घातलेली असते. शिवाय त्याला स्वतःलाच डायबेटिस आहे, त्याला काय कळणार?

पण दुपारभर छातीत धडधड. जिना टाळला, लिफ्टने गेलो. लिफ्टमध्ये एकटाच होतो. मधेच बंद पडली असती तर? परत जिन्याने उतरलो, कठडा धरून.

१९ ऑक्टोबर
पॅन्टचं बटण तुटलं. हल्ली दोरे कच्चे असतात.

ही म्हणाली की तुम्ही झोपेत तारखा पुटपुटता. ऑफिसच्या मीटिंगा, म्हणालो. नऊ दिवस उरले.

२५ ऑक्टोबर, सकाळी ८
आज तपासणी. बळ हवं म्हणून डबल कप घेतला. चार केळी, दहा खजूर. लॅबमधल्या बाईंनी विचारलं, काही खाल्लं नाही ना? नाही, म्हणालो. खरं तेच सांगितलं. दात लावलाच नाही कशाला.

आकडा शंभराच्या आत येणार. आतून वाटतंय.

२५ ऑक्टोबर, दुपारी ४
२४३.

तोंडचं पाणी पळालं. लॅबला फोन केला, रिपोर्ट दुसऱ्या कुणाचा तर नाही? नाही म्हणाल्या. पुन्हा केला. नाहीच म्हणाल्या.

तीन दिवस. कपाट आवरलं. कुठला कागद कुठे आहे ते एका पानावर लिहून ठेवलं. ब्लेंडर कुणाला द्यायचा ते सुचेना. ज्याला द्यावा असं वाटतं, त्याचं वाईट व्हावं असं वाटत नाही.

डॉक्टरांचा फोन आला. उचलला नाही.

२६ ऑक्टोबर, सकाळी ७.३०
नवा संकल्प: फक्त भाज्या, फक्त गरम. गाजर, दुधी आणि टोमॅटो उकळून थेट कपात. झाकण जोर लावून बसवलं, बटण दाबलं.

सवयीने अपघात-नोंद केली. घटना: सूप. जखमी: छत, घड्याळ, डावी भुवई. कारण: उकळत्या वाफेला वाट नव्हती.

सकाळी ९
ही म्हणाली की पुस्तिकेत काही लिहिलंच असेल, आणि स्टुलावर चढून खोकं काढलं. मी नको नको म्हणत स्टूल धरून उभा. पान चारवर मोठ्या अक्षरात होतं: गरम पदार्थ घालू नयेत. पान चार आणि पाचच्या मध्ये माझा रिपोर्ट.

आधी म्हणाली, लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. मग रिपोर्टवरची तारीख वाचली. मग स्टुलावरच बसली आणि रडायला लागली. म्हणाली की बाबांनी तरी आईंना कुठे सांगितलं होतं?

सांगितलं नव्हतं. आई शेवटपर्यंत म्हणत होती की मला कळलं असतं तर.

मला भीती वाटते, असं म्हणालो. पहिल्यांदाच म्हणालो. आवाज फारच बारीक आला.

२७ ऑक्टोबर
हिने हात धरून डॉक्टरांकडे नेलं. २४३ वर माझं स्पष्टीकरण ऐकून ते या वेळी मोठ्याने हसले. हीसुद्धा हसली. पुन्हा तपासणी, खऱ्या उपाशीपोटी. हिने पहाटेपासून स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकली होती.

आकडा १४०. तीन आठवडे, तीस-पस्तीस केळी, एक छत. निकाल: दोन पॉइंट वर. उद्यापासून चालणं, परवापासून गोळी. बाबांना गोळी मिळाली तेव्हा फार उशीर झाला होता, असं डॉक्टर म्हणाले. तुम्ही वेळेवर आलात. मी आलो नव्हतो, मला आणलं होतं.

२८ ऑक्टोबर
बाबा दुपारी चारला गेले होते. रजा टाकली. चालायला गेलो नाही, आजच्या दिवशी रस्त्यावर कशाला? सोफ्यावर बसून राहिलो. ही शेजारी येऊन बसली, भाजी निवडत. चार वाजून गेले. घड्याळावर अजून टोमॅटो आहे, म्हणून पाच वाजेपर्यंत कळलंच नाही.

२९ ऑक्टोबर, सकाळी ७
बाबांपेक्षा एक दिवसाने मोठा झालो. आता पुढचं त्यांना विचारता यायचं नाही.

पहिली गोळी. चांगली मोठी. घशात अडकली तर? ब्लेंडरमध्ये बारीक करून घ्यावी म्हणून कप लावला. हिने प्लग काढला आणि पाण्याचा पेला पुढे केला.

डोळे मिटून घेतली. गेली. एवढंसंच होतं.