तीन महिने स्टेरिंगले हात नाही

सोमवार, ३ नोव्हेंबर
वजन ५४.५. पाणी ३ गिलास (हे म्हणतात. खरं किती ते त्यायलेच माहीत).
डायलिसिसच्या सिस्टरनं सांगितलं तेव्हापासून ह्यायचं वजन-पाणी रोज लिहून राहिली. बाजूले जागा उरते तं माह्यंही लिहिते.
कुहीतून सव्वासहाले निघाचं होतं. गाडी बाहेर काढली तं ह्यायले उलटी झाली. तोंड धुवा, शर्ट बदला. पंधरा मिनिटं गेली. मंग दाबली गाडी. आठले पाच कमी असताना शहरात, धरमपेठच्या सेंटरात. पुरे चार तास मशीन भेटली. अंगातलं पाणी निघून व. उतरून ५२.
मशीन चालवणारा विक्की म्हणे, "काकू, व्हॅन चालवता का विमान?"
हसाले काय जाते त्याचं. आठची बॅच म्हणजे आठ. साडेआठले पोचलं तं साडेतीन तासच रक्त साफ होते. साडेबाराचा पेशंट दारात उभा राहते, त्याच्या आधी मशीन धुवाची असते, बाराले सुई काढूनच टाकतात. तिथं रडून-भांडून काही होत नाही. दोन्ही करून पाह्यलं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
व. ५४.१. वेळेवर पोचलो.
लायसनले चार महिने झाले. मे महिन्यात हे वापस येताना बसमध्येच पडले. बीपी उतरलं. लोकायनं खाली झोपवलं, चपला-थैल्यायच्या मधात. त्या दिवशी ठरवलं. सातवी नापास, वय सत्तेचाळीस. गाडीच्या क्लासातले दोन पोट्टे म्हणत, काकू, क्लच म्हणजे शिलाई मशीनचा पायडल नाही. ते दोघं नापास झाले. मी पहिल्या खेपेले पास.

रविवार, ९ नोव्हेंबर
पा. ६ गिलास. चोरून पेले. माठापाशी धरले.
म्हटलं, प्या, सारा माठ प्या, उद्या ओढून मलेच न्याचं आहे.
"तू बोलते ना वं, त्यानंच सुकते माह्यं तोंड."
हसू आलं. दाखवलं नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर
व. ५५.२.
वापस येताना उमरेड रोडले पोलिसानं हात दाखवला. हे मागं झोपून. त्यानं गाडीचा नंबर मशीनीत टाकला अन् पाहातच राहिला. "बाई, पाच चालान. पाचही ओव्हरस्पीड. एकच कॅमेरा, शाळेजवळचा. पाचही वेळा सव्वासातच्या आसपास."
मले तं एकही मेसेज नाही. मंग समजलं, गाडीच्या कागदावर मोबाईल नंबर माह्या नाहीच. बेसा गावाच्या एजंटाकडून सेकंडहँड घेतली व्हॅन, त्यानं स्वतःचाच नंबर टाकला. सही कुठं कराची तेवढं मी पाह्यलं. बाकी वाचलं नाही.
"लायसन कधीचं?"
"जुलैचं."
"नवीन लायसनवाले सारे असेच. कार्ड हातात आलं का पायलट."
लायसन ठेवून घेतलं. पावती दिली. मंगळवारी, १८ तारखेले आरटीओत जाचं. लायसन सस्पेंड काहून करू नये ते साहेबाले सांगाचं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
एजंटाले फोन केला. तोंडाले येईल ते बोलली. तो शांत. म्हणे, "ताई, नंबर माझा, चूक माझी. पण गाडी मी पळवली काय?"
फोन बंद केला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
व. ५५.४. बसनं गेलो. ८.५० ले पोचलो. तीन तास दहा मिनिटं मशीन. उतरून ५३.६. पायावर बोट दाबलं तं खड्डा तसाच राहते.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
आरटीओ. हेही आले. मले वाटलं आजारी माणूस पाहून साहेब नरमेल. मीच ह्यायची बाही वर केली, सुई टोचून टोचून फुगलेली शीर दाखवली.
साहेबानं नीट पाह्यलं. मंग मले विचारलं, "ॲम्ब्युलन्स आहे काय तुमची?"
"नाही."
"अर्धा तास आधी काहून नाही निघत?"
खरं म्हणजे कधी सुचलंच नाही. उशीर झाला का गाडी दाबाची, एवढंच डोक्यात.
"कॅमेऱ्यापाशी शाळा आहे, माहीत आहे?"
"आहे."
मंग ह्यायच्याकडे वळला. "काका, तुम्ही सांगा."
मले वाटलं, आता हे दोन शब्द बोलतील माह्यासाठी.
"साहेब, हिनं केलं ते माह्यासाठीच. पण मले भेव वाटते. मी डोळे मिटून बसतो. त्या दिवशी ती सायकलवाली पोरगी..."
"कोणती पोरगी?"
मी म्हटलं, कोणी नाही साहेब. दवाईनं ह्यायचं डोकं फिरते.
ह्यायनं बाही खाली केली.

बुधवार, १९ नोव्हेंबर
पोरीचं इथं लिहिलं नव्हतं. लिहिते.
ऑक्टोबरातली गोष्ट. शाळेपाशी मी ट्रकले ओव्हरटेक करत होती. सायकलवर पोरगी, निळा स्कर्ट. आडवी नाही आली. तिच्या बाजूनं तीच बरोबर होती. ब्रेक दाबला तं व्हॅन तिरपी घसरली. आवाज आला. लागली का नाही लागली माहीत नाही. आरशात दिसली, एक पाय जमिनीवर टेकून उभी.
थांबली नाही मी. मशीन डोक्यात होती.
त्या दिवशी वहीत फक्त वजन लिहिलेलं आहे. आता पान काढून पाह्यलं. ५४.८.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर
हुकूम आला. लायसन तीन महिने सस्पेंड. त्यात स्टेरिंगले हात लावला तं केस वेगळी, गाडी उचलून नेतील, अन् हे लायसन वापस भेटलंच असं नाही.
ह्यायच्याशी मंगळवारपासून बोलली नाही. वाढून ठेवते. आज हेच म्हणाले, "खोटं बोलाले पाहिजे होतं काय?"
म्हटलं, चूप राहाले पाहिजे होतं.
"चूपच तं होतो चार महिने."

सोमवार, २४ नोव्हेंबर
व. ५५.९. शेजारचा गजानन आला व्हॅन चालवाले. ट्रॅक्टर चालवून हात बसलेला, चाळीसच्या वर जातच नाही. मी बाजूले बसून पायानं नसलेला ॲक्सिलेटर दाबत होती.
"वहिनी, पाय शांत ठेवा नं. पत्रा फाटन खालचा."
पाच वाजता निघूनही आठ वाजून दहा झाले. मधात रेल्वेचं फाटक बिघडलं, पाऊण तास तिथंच उभे. पण पावणेचार तास भेटले.
मागं वळून पाह्यलं तं हे झोपले होते. तोंड उघडं. जाताना माह्या गाडीत कधीच झोपले नाहीत. मले वाटे दुखते म्हणून जागे राहतात.
शाळेपाशी गजाननानं गाडी थांबवली, पोट्टे जाऊ दिले. मी खिडकीतून एकेकीचं तोंड पाहात होती. निळा स्कर्ट साऱ्यायचाच आहे.

गुरुवार, २७ नोव्हेंबर
गजाननाचा धान थ्रेशरवर. आला नाही. बसस्टॉपवर ह्यायचे पाय लटलट कापून राहिले, बसमध्ये चढवणंच झालं नाही. बस गेली. सेंटरले फोन केला. सिस्टर म्हणे, "आजचं राहिलं तं आता सोमवारीच येईल नंबर. पाणी कमी द्या."
कमी द्या. ती सांगून मोकळी.

शनिवार, २९ नोव्हेंबर
व. ५७.८. पा. २ गिलास, मोजून. आडवं होता येत नाही, दम लागते. उशा लावून बसवलं.
भाड्याच्या गाड्या तिघायले विचारल्या. लग्नाचे दिवस, साऱ्या वरातीत. सरकारी ॲम्ब्युलन्सवाले म्हणे, तालुक्याच्या दवाखान्यापर्यंतच नेतो, अन् तिथं ही मशीन नाही. गजानन म्हणे, "वहिनी, सोमवारी पाच म्हणजे पाच. धान राहिला तं राहिला."
हे आज म्हणाले, "ती पोरगी ठीक होती. मी मागच्या काचातून पाह्यलं. सायकल ढकलत गेली."
"आधी काहून नाही सांगितलं?"
"तू विचारलं नाही."
खरं सांगून राहिले का मले झोप यावी म्हणून, समजलं नाही. सायकल ढकलत गेली म्हणजे चाक गेलं होतं. म्हणजे लागली होती.

सोमवार, १ डिसेंबर
व. ५८.६. ओठ काळे.
पाच झाले. सव्वापाच झाले. गजाननाच्या घरी गेली. तो चादर घेऊन कुडकुडून राहिला, अंग भट्टीसारखं. बायको म्हणे, उठवलं तं पडला चक्कर येऊन.
वापस आली तं हे खाटेवर नाही. भिंत धरत धरत व्हॅनपर्यंत गेलेले. पुढच्या सीटवर बसले. पुढं कधी बसत नाहीत.
"चाल वं."
"धरलं तं?"
"मी चालवत होतो म्हणून सांगू."
"तुमच्यानं चप्पल घालणं होत नाही."
"तं हळू चाल. कोणाच्या नजरेत नको येऊ."
आता निघालं अन् हळू गेलं तं शाळेपाशी बरोबर सव्वासात. पोट्टे रस्त्यावर. पुढं नाक्यावर तोच पोलिस असन, ओळखते मले. पळवली तं पुरे चार तास भेटतील. पळवाची नाही, असं पोरीचं लिहिलं त्या बुधवारपासून मनात बोलून ठेवलं होतं. तेव्हा वजन ५६ होतं.
वही बोनटवर ठेवून लिहून राहिली. सहाले पाच कमी.
ह्यायनं हात लांबवून हॉर्न दाबला. हातात जोर नाही, पण वाजून राहिला.