जळक्या दुधाचा वास

४ मार्च
आले एकदाची! खोली ऐसपैस आहे, खिडकीतून समोरची रुग्णांची इमारत दिसते आणि चहाचं यंत्र चक्क चालू आहे. जुन्या नोकरीत ते नुसतं शोभेला होतं. गंमत म्हणजे माझ्या टेबलाच्या सगळ्या कोपऱ्यांना स्पंज चिकटवलाय. घरी आईनेही धाकटीसाठी असाच चिकटवला होता. पण इकडे तर रुग्ण फिरकत नाहीत, मग हे कुणाचे लाड? तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, आधीपासूनच आहे.

इथल्या प्रमुख सरांनी धाकटीला उपचारात घेतलं, म्हणून तर मी चांगल्या पदावर पाणी सोडून त्यांच्या हाताखाली आले. माझ्या या बहिणीला शाळेत असल्यापासून अपस्मार आहे. आधी जळक्या दुधाचा वास येतो, मग फिट. आई बिचारी सुरुवातीला गॅसकडे धावायची. धाकटीकडे धावायचं, हे तिला कळेपर्यंत पोरीचं कपाळ दोनदा फुटलं.

६ मार्च
सरांच्या मते फिट म्हणजे मेंदूतल्या पेशींनी आपापलं काम टाकून एका तालात टाळ्या पिटणं. तो ताल मोडायला निरोगी मेंदूच्या लहरी लागतात. साठवलेल्या लहरींना मेंदू चार दिवसांत ओळखतो आणि मग जुमानत नाही, म्हणून जिवंत माणूस हवा. इथला रिवाजच आहे, नवा येईल त्याने तारांची टोपी घालून कामाला बसायचं. माझ्या लहरी दोघांकडे जातात. एक धाकटी, तिला घरबसल्या कानामागच्या चकतीतून मिळतात, आणि दुसरे समोरच्या इमारतीतले, दिवसभर हातरुमालाच्या घड्या घालणारे एक गृहस्थ. टोपीत मी डोक्यावर चाळणी घेतल्यासारखी दिसते, असं धाकटीचं मत.

२० मार्च
धाकटी पडली नाही. एकदाही नाही! आई फोनवर रडली. सर म्हणाले, तुमच्या पेशींची शिस्त अव्वल आहे. मी हरभऱ्याच्या झाडावर.

२ एप्रिल
दुपारी जळक्या दुधाचा वास आला. यंत्रात तर पावडर असते, दूध इथे कुणी तापवतच नाही. मग एकदम चहा गार झालेला, आलेखावर माझ्या पेनाची लांबलचक रेघ, आणि माझ्या डोक्याखाली बाईंचा हात. बाई जराही घाबरल्या नव्हत्या. मला त्याचाच राग आला.

५ एप्रिल
माझेच आलेख तपासले. धाकटीचा ताल मोडत नाही, तो माझ्याकडे येतो. सरांना सांगितलं. त्यांना माहीत होतं! कुठेतरी जाणारच ना तो, असं म्हणून त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं.

टोपी काढून भिरकावली. थोड्याच वेळात आईचा फोन आला. धाकटी जिन्यात पडली, पुढचा दात गेला. मी टोपी परत घातली.

११ एप्रिल
रुमालवाल्यांना भेटले. माझ्या आधी माझ्याच खोलीत ते बसायचे, बायकोसाठी. स्पंज त्यांनीच लावलाय. अजून नीट चिकटलाय का, एवढंच त्यांनी आपणहून विचारलं. ताल एकदा पुरता उतरला की मूळ रुग्ण कायमचा सुटतो, म्हणाले. बायको सुटली. आता भेटायला येत नाही. त्यांचाही ताल आता माझ्याकडे येतोय, म्हणून माझी माफी मागितली. कसली माफी आणि कसलं काय.

१७ एप्रिल
ठरवलं. बसायचं. पुरता उतरू दे एकदाचा, धाकटी तरी सुटेल. घरी सांगितलं, कामाचा ताण आहे.

२ मे
पुन्हा वास. जीभ चावली गेली. लिहिता लिहिता मध्येच

३ मे
कालचं वाक्य कुठे गेलं?

९ मे
धाकटीची तपासणी झाली. टोपीशिवाय. आलेख स्वच्छ! सुटली माझी पोर. बाईंच्या गळ्यात पडून रडले. त्या म्हणाल्या, आता तुमचं सामान समोरच्या इमारतीत —

१२ मे
समोरची इमारत. पलंगालाही स्पंज. माझ्यासाठी आता नवं कुणी बसणार म्हणे. तरुण, निरोगी. सर खुशीत.

१३ मे
धाकटी.
धाकटीच बसणार. सरांनी बोलावून घेतलं. नवा दात दाखवत हसली. म्हणाली, ताईसाठी एवढंही करू नये का मी? ताल कुठे जातो, हे तिला कुणीच सांगितलेलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं आणि वास —
शुद्धीवर आले तेव्हा ती गेली होती. फोन काढून घेतलाय. विश्रांती हवी म्हणे.

१४ मे
खिडकीतून माझी खोली दिसते. धाकटी आलीय. स्पंजाला हात लावून हसतेय, आईची आठवण आली असेल. बाई तारा सोडवतायत. नर्स दाराशी थांबलीय, हे पान तिच्या हाती धाकटीकडे —

धाकटे, मी सुखाने सोसेन गं. मला काही नको. तू फक्त — आला वास — धाकटे, ती टोपी