तेलातले बुडबुडे आणि माझा गुळाचा पाक

एल तिग्रे, बुधवार

तीर्थस्वरूप नेलिदाताईस (शिवाय तू माझी धर्ममाता, म्हणजे दुप्पट तीर्थस्वरूप),

आशीर्वाद दे. तुझे गुडघे कसे आहेत? माराकाइबोच्या उकाड्यात पंखा तरी धड चालतो ना? आमची बदली तिकडे व्हावी म्हणून तू सान अंतोनियोची मूर्ती उलटी, डोक्यावर उभी केलीस, आणि मागणं पुरं होईपर्यंत सरळ करणार नाहीस, हे कळलं. तुझी माया कळते गं, पण त्या बिचाऱ्या संताचा काय गुन्हा?

इकडे बदलीचं अगदी गळ्याशी आलंय. माझ्या नवरोबाच्या, एवेन्सियोच्या, गणिताप्रमाणे त्याची तेलविहीर केव्हाच आटायला हवी होती, आणि मेली तेल देतेच आहे! त्याचे साहेब बार्रोएता म्हणतात, मीटर बिघडलाय. सोमवारपर्यंत गणित जुळलं नाही तर विहीर बंद आणि तुम्ही माराकाइबोला. तेव्हापासून नवऱ्याला एकच ध्यास, की इतक्या दाट तेलात वायूचे बुडबुडे करतात तरी काय. (लग्नाआधी मलाही त्याने एवढं निरखून पाहिलं नव्हतं.)

दाट तेल घरात कुठून आणणार? तर माझा गुळाचा पाक! पातेलंभर गार पाक, त्यात खायचा सोडा, वरून लिंबू थेंबथेंब. बुडबुडे यायचे, एकमेकांत मिसळून मोठे व्हायचे, फट्‌कन फुटायचे, आणि पाक जागच्या जागी. त्याच्या गणितातही बुडबुडे असेच वर येऊन निघून जातात. रविवारी सकाळपासून हेच चाललेलं, मला काळा घेवडा शिजत घालायला जागा नाही. शेवटी माझं टाळकं सरकलं. म्हटलं, "असं पिळतात होय लिंबू? हो बाजूला!" आणि वाटीभर रस एकदम ओतला.

अगं बाई! खसखशीएवढे बुडबुडे सगळीकडून एकदम उठले, आणि त्या दाट पाकात त्यांना एकमेकांपर्यंत पोचायला वाटच मिळेना. आतच अडकले आणि पाकालाच फुगवत निघाले, काठावरून, ओट्यावरून, थेट नवऱ्याच्या चपलांत. मी फडकं शोधतेय आणि हा चिकट पायांनी नाचतोय, "ओमाइरा, वायू पळून जातच नाही! तोच तेलाला ढकलतोय! पुन्हा ओत!" मी ओरडले, "आधी फरशी पूस!" (पण दुसऱ्यांदा मीच ओतला. तिसऱ्यांदाही. मग गरम पाकात ओतून पाहिला, तर बुडबुडे पसार! का, तर पाक पातळ झाला की त्यांना वाट सापडते. तुला माहीत होतं हे?)

आता त्याने गणितात बुडबुडे तेलातच अडकवलेत, आणि आकडे विहिरीशी जुळायला लागलेत. पण साहेब म्हणतात, "स्वैपाकघरातलं गणित मी मानत नाही." सोमवारी विहिरीतला दाब एकदम उतरवून बघणार, म्हणजे तेलातला वायू माझ्या वाटीभर लिंबासारखा एकदम उठेल. फेसाळून तेल वाढलं तर आम्ही इथेच, नाही तर तुझ्या शेजारी.

आई गेल्यापासून तू एकटी पडलीस, ते आठवलं की मला रडू येतं. तेव्हा देवाच्या मनात असेल तसं होवो.

तुझी धाकटी,
ओमाइरा

ता. क. देवाच्या मनातलं राहू दे. पत्र बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतेय ते एवढ्यासाठीच, की सोमवारच्या आत सान अंतोनियोला सरळ कर.

आणखी एक. विहीर फेसाळावी म्हणून आमचा सान अंतोनियो मीही काल उलटा केलाय. एकच संत दोन गावांत डोक्यावर, ऐकणार तरी कुणाचं? तू मोठी, तू आधी सरळ कर.

आणि शेवटचं. घराचं, बदलीचं मला फारसं काही नाही गं. तेल वर येतं का, ते मला या डोळ्यांनी बघायचंय. बघितलं की दुसऱ्याच दिवशी मी तुझ्याकडे महिनाभर राहायला येते. गूळ भरपूर आणून ठेव. लिंबं मी आणते.